शेवटचा हात सुटेपर्यंत

माझं काम नेमकं काय, हे मी आता कुणाला सांगत नाही. पूर्वी सांगायचे. लग्नात, बारशाला कुणीतरी मावशी विचारायची, "कॉम्प्युटरमधलं ना गो तुझं?" मी म्हणायचे, "हो, डिस्कचे ड्रायव्हर लिहिते." मग ती म्हणायची, "मग आमच्या प्रिंटरकडे जरा बघ ना, कागद खातोय मेला." मी समजवायला जायचे, तोवर मावशी दुसऱ्या पंगतीत पोचलेली असायची. आता मी गुपचूप प्रिंटर बघते. अडकलेला कागद काढून देते, चहा घेते आणि घरी येते.

पण पुढचं सांगायचं तर माझ्या कामाबद्दल चार शब्द बोलावेच लागतील. कंटाळवाणं आहे, पण फार नाही.

कॉम्प्युटरला डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, काहीही जोडलं की त्याच्याशी बोलणारा एक प्रोग्राम आत असतो. तो ड्रायव्हर. डिस्क दिसली की तो मेमरीत थोडी जागा घेऊन तिची ओळख मांडून ठेवतो: ही अशी डिस्क, एवढी मोठी, या वाटेनं आलेली. आमच्याकडे याला ऑब्जेक्ट म्हणतात, मी इथं वस्तू म्हणेन. मग या वस्तूला एकेक जण येऊन धरतो. फाइली सांभाळणारा धरतो, वाचायला आलेला धरतो. 'एवढं लिहून ठेव' म्हणून निघालेला आणि अजून परत न आलेला हुकूमही तिला धरून असतो. धरलं की आकडा एकानं वाढवायचा, सोडलं की एकानं कमी करायचा. शून्य झाला की शेवटी सोडणाऱ्यानं वस्तू मोडायची आणि जागा मोकळी करायची. शेवटची पंगत उठल्याशिवाय मांडव सोडायचा नाही, एवढाच नियम.

नियम शेंबड्या पोराला कळेल असा आहे, पण पाळताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. कारण डिस्क काढणारा माणूस कुणाला विचारत नाही. खस्सकन ओढतो. डिस्क गेली, पण तिच्या वस्तूला धरून बसलेले हात अजून आत आहेत, आणि त्यांना बातमीच नाही. अशा वेळी वस्तूवर 'गेली' अशी खूण करायची, विचारायला येईल त्याला 'नाही' म्हणायचं, पण शेवटचा हात सुटेपर्यंत वस्तू मोडायची नाही. घाईनं मोडली तर ती जागा दुसऱ्याच कुणाला तरी मिळते, आणि जुना हात तिथं आपलंच समजून वाचत-लिहीत राहतो. मग काय वाटेल ते होतं. उलट कुणी सोडायलाच विसरला, तर मेलेल्या वस्तू साठत जातात आणि एक दिवस मशीन गुदमरतं. माझं निम्मं आयुष्य यातच गेलं. कोण काय धरून बसलंय ते शोधायचं आणि वेळेवर सोडायला लावायचं. घरात मात्र हे जमलेलं नाही. नवऱ्याची कॉलेजातली क्रिकेटची बॅट अजून बाल्कनीत उभी आहे.

कंपनी बंगळुरात आहे. सगळ्यांना घरी बसवलं तेव्हा मी रत्नागिरीला आले, ती परत गेलेच नाही. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते, पायाखाली बाजार आहे. लाइट जाते तेवढी कटकट, बाकी बरं चाललंय.

जुलैची अखेर होती. चालू डिस्क काढली की आमचं एक मशीन कोसळायचं. रोज नाही, कधीमधी, आणि कधीमधी कोसळणारं मशीन रोज कोसळणाऱ्यापेक्षा वाईट. आत एक टायमर होता, तो वस्तूचा पत्ता खिशात घेऊन फिरायचा, पण तिला धरायचा नाही. मी ते शोधून काढलं होतं. बंगळुरातले आमचे साहेब माझ्याहून तरुण, हुशार, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश. ते म्हणाले, "मॅडम, चालू मशीनमधून डिस्क काढतं कोण? पुढच्या वेळी बघू."

मी म्हटलं, "लोक काढतात."

"कोण लोक?"

मी कॅमेरा बंद केला आणि रागानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मैत्रीण दारात. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती राजिवड्याची, खाडीकाठच्या मच्छीमार मोहल्ल्यातली, लग्नही तिथंच झालेलं. नवरा स्वतःच्या ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा आणि खलाशांचा म्होरक्या. तिच्या हातात सोनाराकडची लाल डबी होती.

"काय गो, कानातले दाखवायला आलीस?"

"कानातले कसले! बघ." डबीत कापसावर एक मेमरी कार्ड ठेवलेलं होतं. "ह्याला जगव."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती पाणी न पिताच बोलायला लागली. बोटीवर जीपीएसचं मशीन असतं. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं असतं, तेव्हा तळाशी कुठं काय आहे हे ठाऊक असावं लागतं. मासळी लागली की तांडेल बटण दाबतो, तो पॉइंट मशीनमध्ये राहतो. खडकात जाळं फाटलं की तिथला पण पॉइंट. असे कित्येक सीझनचे पॉइंट त्या कार्डात होते, आणि काल मशीन म्हणायला लागलं की कार्ड रिकामं आहे. बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, फॉरमॅट करून देतो.

"नि मग?"

"मग काय, ह्यांनी त्याच्या हातातून हिसकावून घेतलान."

"देवानं तेवढी तरी अक्कल दिलीन त्याला," मी म्हटलं.

"पॉइंट गेले तर जाऊ देत गो," ती म्हणाली. "मासे परत गावतील. पण त्यात थोरल्यांचा पॉइंट हाय."

थोरले म्हणजे तिचे मोठे दीर. ते गेले ते मला आठवत होतं, सगळ्या गावालाच आठवतंय. वादळात बोट फुटली. खलाशांना दुसऱ्या बोटीनं उचललं, ते मात्र बोटीबरोबर खाली गेले. आठवडाभर बंदरातल्या बोटी शोधत होत्या, पण मय्यत हाती लागली नाही. शोधताना एके ठिकाणी पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तिथं धाकट्यानं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं, बटण दाबलं. थोरल्यांच्या अंगावर कफन पडलं नाही, मोहल्ल्याच्या कबरस्तानात त्यांची कबर नाही. जी काय आहे ती तो पॉइंट.

"दर सीझनला पहिल्या फेरीला तिथं जातात," ती म्हणाली. "इंजिन बंद करतात, फातिहा पढतात, मगच पुढं जाऊन जाळं टाकतात. नि त्या जागेवर जाळं ओढायचं नाय, ही कसम. आता जागाच ठाऊक नाय, तर जातील कुठं? परवा पावसाळ्याची मासेमारी बंदी उठेल, सगळ्या बोटी सुटतील. हे म्हणतात, पॉइंट गावल्याशिवाय माझी बोट धक्क्यावरून हलणार नाय."

"अदमास नाही त्यांना?"

"हाय. पण अदमासानं कोण कबरीवर जातो? चुकून जाळं वर गेलं तर?"

किनारा दिसत नाही इतकं लांब, चहूकडे सारखं पाणी. खूण कशाची ठेवणार?

तांडेल खाली स्कूटरवर बसून होता. बायकोच्या मैत्रिणीच्या घरी असं काम घेऊन जायचं म्हणून लाजत होता. मी खिडकीतून हाक मारली तेव्हा वर आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. मी म्हटलं, "भाई, नेमकं काय केलंत ते पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग सांगितलं. बंदराच्या तोंडाशी आलं की कार्ड काढून खिशात टाकायचं, हा सगळ्याच तांडेलांचा रिवाज. धक्क्याला बोटी एकमेकींना चिकटून बांधतात, एका बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं करत माणसं किनाऱ्याला येतात. कोण कधी केबिनमध्ये डोकावून पॉइंट उचलेल याचा नेम नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्यावरही भरवसा नाही, म्हणून मशीनच्या पोटात काही ठेवायचं नाही, सगळं कार्डावर आणि कार्ड छातीच्या खिशात.

"मशीन चालू असताना काढता?"

"मग? बंद करून बसलो तर तोवर हा येऊन बघून जाईल."

"हा कोण?"

बायको म्हणाली, "दुसरा एक तांडेल हाय. मोहल्ल्यातलाच. त्याची बोट ह्यांच्या बोटीला लागून. कोलंबीवरून कधी वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं नाय. ईदला गळाभेट होते तेवढीच."

"त्याला माझ्या पॉइंटचा वास लागतो," तांडेल म्हणाला. "मी जाईन तिथं हजर."

तर झालं असं. सीझनच्या आधी इंजिन बघायला म्हणून तो बोट बाहेर फिरवून आणत होता. आत येताना तोंडाशीच त्या दुसऱ्याची बोट बाजूला आली. यानं सवयीनं कार्ड ओढलं. मशीन त्या वेळी चालू फेरीची वाट लिहून ठेवत होतं. मग याच्या लक्षात आलं की पावसाळ्यात तोंडाशी गाळ साचलाय, आणि आत शिरायची मागच्या सीझनची रेघ तर कार्डातच आहे. म्हणून कार्ड परत खाचेत सरकवलं. रेघ दिसली, बोट आत आली, धक्क्याला लागली. नंतर बघतो तर सगळं साफ.

मी कपाळाला हात लावला. काय झालं असेल ते मला तिथंच दिसायला लागलं. कार्ड ओढल्याबरोबर त्या मशीनच्या ड्रायव्हरनं वस्तू मोडून टाकली. पण लिहायला निघालेला एक हुकूम अजून आत होता आणि त्याच्या हातात जुनाच पत्ता होता. त्या पत्त्यावरची जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. हुकूम कार्डाची वाट बघत थांबला, कार्ड परत आलं, आणि त्यानं हाताशी होतं ते, परक्याचं, कार्डाच्या अगदी डोक्यावर नेऊन लिहिलं.

"जल्लं मेलं लक्षण त्याचं!" मी म्हटलं.

तांडेल चपापला. मी घाईनं म्हटलं, "तुमचं नाही हो भाई. ज्यानं हे मशीन बनवलं त्याचं." कुठल्या तरी गार हवेच्या खोलीत बसून त्यानंही म्हटलं असणार, चालू मशीनमधून कार्ड काढतं कोण. इथं एक अख्खं बंदर रोज काढतंय.

कार्ड मी लगेच माझ्या मशीनला लावलं, वाचण्यापुरतंच, आणि म्हटलं, "आधी याची जशीच्या तशी कॉपी काढते."

तो खुर्चीतून उठलाच. "कॉपी?"

"भाई, माझ्याकडे बोट नाही. मला साधं पोहताही येत नाही."

मैत्रीण इतकी हसली की तिला ठसका लागला. तोही थोडा हसला, पण कॉपी होईपर्यंत पडद्यावरून त्याची नजर हटली नाही.

ते गेल्यावर मी कामाला लागले. कार्डाच्या सुरुवातीला, कुठं काय ठेवलंय त्याची यादी असायला हवी तिथं, उपग्रहाकडून येणाऱ्या ओळींच्या ओळी भरलेल्या होत्या. मशीननं त्या घटकाभर मेमरीत ठेवलेल्या असणार. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दुसऱ्याच्या घरचं दुःख टेबलावर पडलेलं असताना आपलं बरोबर निघालं म्हणून खूश व्हायचं, असला हा धंदा आहे. बंगळूरला फोन लावला आणि साहेबांना सांगितलं, "लोक काढतात. रत्नागिरीत रोज काढतात, आणि परत घालतात." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग 'हं' म्हणाले, आणि टायमरनं वस्तू धरावी असं ठरलं. ते तिथं संपलं.

इथलं संपलं नव्हतं. यादी गेली तरी पॉइंट स्वतः कार्डात पुढं पडलेले असतात, ते शोधून काढता येतात. दुपारपर्यंत एकेक वर यायला लागले. त्यानंच दिलेली नावं होती: बांगडा. कोलंबी. खडक. मोठा खडक. एके ठिकाणी नुसतंच 'नको'. एका माणसाचं सगळं समुद्राचं शहाणपण माझ्या पडद्यावरून सरकत होतं आणि त्यातला एकही पॉइंट कुठं आहे हे मला कळत नव्हतं. वाचताना थोडं संकोचल्यासारखं झालं, परक्याचं कपाट उघडल्यावर होतं तसं.

पॉइंट ठेवले त्या क्रमानं होते. मैत्रिणीला फोनवर विचारलं तर कळलं, थोरले गेल्यावर शोधायला निघताना त्यानं हे कार्ड नवं घातलं होतं, आणि त्यात पहिला पॉइंट त्यांचाच पडला. म्हणजे तो सगळ्यांच्या आधी, अगदी डोक्याशी. आणि डोक्यावर उपग्रहाच्या ओळी बसल्या होत्या. मी तरीही बघितलं. दुसरी प्रत असेल, जुनी वाट असेल, कुठं चुकून राहिलेला तुकडा असेल. संध्याकाळपर्यंत शोधलं. पुसलेलं परत मिळवता येतं. वर दुसरं लिहिलेलं मिळत नाही. हे मी नव्या पोरांना शिकवते, आणि शिकवताना मला कधी वाईट वाटलेलं नाही.

सांगायला मीच त्यांच्या घरी गेले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. तांडेलानं ऐकून घेतलं.

"बाकीचे सगळे हायत?"

"सगळे आहेत. नव्या कार्डात घालून आणलेत."

"बरं," तो म्हणाला. कार्ड घेतलं, आतल्या खोलीत ठेवून आला आणि मला म्हणाला, "मेहनत केलीत." मग चहा आला, खारी आली. मी ती गिळली आणि बाहेर पडले.

बंदी उठली. बोटी सुटल्या, त्याची सुटली नाही. बर्फ भरला होता तो वितळला. खलाशी बोटीवर बसून पत्ते कुटत होते आणि दुसऱ्या बोटीवाले त्यांना बोलवायला लागले होते. मैत्रीण आली ती रडवेली होऊन. "नवऱ्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली," म्हणाली. "हा माणूस आता सीझनभर घरात बसणार. तो समुद्राशिवाय राहिलेला नाय गो कधी. आताच भिंतीशी बोलायला लागलाय."

मला संताप आला. त्याचा नाही, त्या ओळींचा. एवढ्याशा जागेवर येऊन बसायचं होतं, तर बांगड्यावर बसायचं.

मग मी तिला तेच विचारलं, जे मी कामावर विचारते. "आणखी कोणाकडे असेल तो?"

"कुणाकडे नाय. ह्यांनी कुणाला सांगितलंच नाय. सांगितलं असतं तर लोक तिथं जाळी ओढत बसले असते. बुडालेल्या बोटीभोवती मासळी जमते."

"सांगितलं नसेल. पण त्या दिवशी शोधायला हे एकटे नव्हते ना? तवंग आणखी कुणाला दिसला असेल."

ती थांबली. "सगळे होते," म्हणाली. "तो पण होता."

"मग त्याला विचार."

"हे मरतील, पण त्याला विचारणार नायत."

"त्यांना कोण सांगतंय? तुला कुणी अडवलंय?"

तिनं डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "तू चल बरोबर. मी एकटी गेले तर मोहल्लाभर होईल."

सकाळचा लिलाव उरकला होता. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बर्फाचं पाणी आणि खवलं, चप्पल टिकत नव्हती. तो दुसरा तांडेल पहिल्या फेरीवरून आला होता आणि टोपल्या धुवून घेत होता. बुटका, दाढी पिकलेला, गळ्यात मळका रुमाल. पलीकडच्याच बोटीत माझ्या मैत्रिणीचे खलाशी पत्ते टाकत बसलेले. बायकांनी बोटीवर चढू नये असं पूर्वी मानायचे. आता मानत नाही असं म्हणतात, आणि तरी कुणी बोलावत नाही. आम्ही धक्क्यावरच उभ्या राहिलो.

"काय भाबी?" तो म्हणाला.

मैत्रिणीनं धडाधड सांगून टाकलं. कार्ड कसं गेलं, पॉइंट कसा गेला, बोट का हलत नाही. तो टोपली हातात धरून ऐकत होता. सांगून झाल्यावर टोपली खाली ठेवली, हात रुमालाला पुसले.

"या वर," म्हणाला. "दोघी पण या."

केबिन एवढीशी. डिझेलचा वास. त्यानं मशीन सुरू केलं, आणि पडदा हळूहळू भरत गेला. कित्येक सीझन जाळं कुठून कुठून ओढलं, त्या सगळ्या वाटा त्यानं ठेवल्या होत्या. रेघांवर रेघा, आडव्या, तिरक्या, एकीवर एक, पोरांनी पाटी गिरगटल्यासारख्या. त्यानं बोटानं पडदा सरकवत नेला आणि थांबला. तिथं रेघांच्या मधोमध एक मोकळा गोल होता. सगळ्या रेघा त्याच्या जवळ येऊन वळत होत्या. एकच जुनी रेघ आत शिरून मध्येच तुटली होती. गोलाच्या मध्ये एक पॉइंट होता, बिननावाचा.

"हा," तो म्हणाला.

मी आयुष्यभर पत्ते बघितले आहेत, पण असा पत्ता मी पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवायला त्या केबिनमध्ये जागाही नव्हती.

तेवढ्यात बोट हलली. मैत्रीण दुसऱ्याच्या बोटीत चढलेली तिच्या नवऱ्याच्या खलाशांनी पाहिली होती आणि कुणीतरी फोन केला असणार. तिचा नवरा स्वतःच्या बोटीतून उडी मारून आत आला, चेहरा लाल. "काय चाललंय हय?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. त्या रेघा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होत्या. त्यानं त्या गोलाकडे बोट केलं.

"हे काय?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"तुझा भाऊस," दुसरा म्हणाला.

"तुला कसा ठाऊक?"

"ते गेले त्याच्या पुढच्या सीझनला माझं जाळं तिथं अडकलं. इंजिनानं ओढलं, तर बुडालेल्या बोटीची फळी वर आली. रंग ओळखला मी. मग ओढलं नाय. दोर कापले नि सोडून दिलं. बंदरात आल्यावर सगळ्यांना पॉइंट दिला, तिथं कुणी टाकू नका म्हणून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. हय कुठल्या पण बोटीत बघ. तुला सोडून."

"मला का नाय सांगितलंस?"

"काय सांगू?" तो एकदम चिडला. "तुझ्या भावावर जाळं ओढलं, असं सांगू?"

बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं. मला वाटलं, आता हे दोघं एकमेकांच्या अंगावर जातील, निदान इतक्या वर्षांचं काहीतरी बाहेर येईल. तसं झालं नाही. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं हात पुढं केला आणि तळवा त्या गोलावर ठेवला. गोल पूर्ण झाकला गेला.

"जाळं नवं होतं?" त्यानं विचारलं.

"नवंच. पहिलीच फेरी होती त्याची."

"सगळंच सोडलंस?"

"सगळंच. तिथंच हाय, बोटीवर."

त्यानं मान हलवली. पडद्यावरचा हात तसाच होता. मग तो बायकोकडे वळला आणि तिलाच म्हणाला, "म्हणजे अंगावर कायतरी हाय त्याच्या."